ऐका, परत सांगा, मग बोला: विद्यार्थ्यांसाठी संवाद आणि इंग्रजीची सुरुवात

"इंग्रजी बोलता येत नाही" म्हणून कुणी विद्यार्थी माझ्याकडे आला की पहिल्या दिवशी मी त्याला इंग्रजी देतच नाही. एक जोडीदार देते. जोडीदाराने दोन मिनिटं मराठीत काहीही सांगायचं. काल काय घडलं, कुठला विषय जड जातो, मनात येईल ते. याने मध्ये तोंड उघडायचं नाही. तो थांबला की जे ऐकलं ते परत सांगायचं, तेही मराठीतच.

ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक जण अडखळतात. सुरुवात नीट सांगतात, मधला भाग गाळतात आणि शेवट आपल्या मनाने जोडतात. मग जोडीदार म्हणतो, "अरे, असं नव्हतो म्हणालो मी!" खरा अभ्यास तिथून सुरू होतो. स्वतःच्या भाषेत ऐकलेली दोन मिनिटं हातून निसटत असतील, तर परक्या भाषेत ऐकताना काय उरेल? आणि जे कानात शिरलंच नाही, ते जिभेवर कुठून येणार?

म्हणून आपण आधी ऐकणार आहोत, मग विचारणार आहोत, त्यानंतर इंग्रजीचा सांगाडा उभा करणार आहोत आणि बोलणं सगळ्यात शेवटी. लागणाऱ्या गोष्टी तीनच: एक वही, आवाज रेकॉर्ड होईल असा फोन आणि आठवड्यातून तीनदा तरी भेटेल असा जोडीदार. रोजचा अर्धा तास पुरतो. एक सूचना आधीच देते. इथली इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत, कारण ती आधी मोठ्याने म्हणून कानात बसवायची आहेत. वहीत उतरवताना मात्र रोमन लिपीतच लिहा, नाहीतर स्पेलिंग कच्चं राहील.

पहिली पायरी: ऐकणं

माणूस सहज बोलताना मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे शब्द बोलतो. मन त्याहून कितीतरी वेगाने धावतं. हा जो मधला मोकळा वेळ उरतो, त्यातच ऐकणं बिघडतं. मन उत्तर जुळवायला लागतं, आठवणीत शिरतं, नाहीतर घड्याळाकडे जातं. मन आवरून धरायचा प्रयत्न करू नका, ते आवरत नाही. त्याला काम द्या. समोरचा बोलत असताना मनातल्या मनात त्याच्या बोलण्याचं एक वाक्य करत राहा: "आत्तापर्यंत हा असं म्हणाला." पुढचं वाक्य आलं की त्यात भर घाला. मोकळा वेळ आपोआप त्या कामाला लागतो.

अशा ऐकण्याला 'सक्रिय श्रवण' म्हणतात. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये या नावाने लेखन केलं आणि तिथून ही कल्पना समुपदेशनाच्या खोलीबाहेर पडून सगळीकडे पसरली. तिचा गाभा असा की समोरच्याला काय म्हणायचं आहे ते त्याच्या बाजूने समजून घ्यायचं आणि समजलेलं त्याच्यापुढे ठेवून बरोबर आहे का, हे तपासायचं. नुसती मान डोलावणं म्हणजे सक्रिय श्रवण नव्हे.

एक प्रसंग जवळून पाहू. परीक्षेनंतर दोन मैत्रिणी बोलताहेत.

"अगं, आजचा पेपर पार बिघडला माझा."

"माझाही! शेवटचा प्रश्न कसला होता तो. आणि तू रात्रभर जागत बसतेस ना, म्हणून होतं असं. लवकर झोपत जा."

दुसरीच्या मनात वाईट काहीच नाही. तरी तिने विषय स्वतःकडे ओढला, पेपर का बिघडला ते परस्पर ठरवून टाकलं आणि न मागितलेला सल्लाही दिला. पहिली आता "हं" म्हणेल आणि गप्प होईल. हाच संवाद असा झाला तर?

"अगं, आजचा पेपर पार बिघडला माझा."

"बिघडला म्हणजे? येत नव्हतं, की वेळ पुरला नाही?"

"येत होतं गं सगळं. पहिल्याच प्रश्नात पाऊण तास गेला."

"म्हणजे अभ्यास झाला होता, वेळेचं गणित चुकलं."

"हो ना. आता घरी काय सांगू, त्याचीच धास्ती वाटतेय."

खरी गोष्ट शेवटच्या वाक्यात आहे. पेपरपेक्षा घरच्यांची धास्ती मोठी होती आणि ती बाहेर यायला मैत्रिणीला दोनच गोष्टी कराव्या लागल्या: एक प्रश्न विचारला आणि ऐकलेलं एका वाक्यात परत सांगितलं. परत सांगताना तिने आपली एकही गोष्ट मिसळली नाही. मला या सगळ्या अभ्यासात सर्वांत मोलाची वाटते ती हीच सवय. पुढे इंग्रजीतही तीच उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यायची जुनी रीत आहे. ऐकणाऱ्याने "हं", "बरं", "मग?" म्हणायचं. हुंकार थांबला की सांगणारा ओळखतो, हा झोपला! बोलतानाही हुंकार हवाच, पण तो वाक्याच्या शेवटी, अर्थ पोचल्यावर द्यायचा. दर दोन शब्दांनी "हो हो, हो हो" केलं की समोरच्याला घाई झाल्यासारखं वाटतं. समोरचा थांबल्यावरही लगेच सुरू होऊ नका, मनात दोन आकडे मोजा. पुष्कळदा तो श्वास घेण्यापुरताच थांबलेला असतो आणि महत्त्वाचं त्यानंतर बोलतो. फोन टेबलावर पालथा ठेवणं पुरेसं नाही, तो पिशवीत जाऊ द्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत छातीठोकपणे शिकवला जातो: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला होता, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, एवढंच ऐकणाऱ्यांना ओळखायचं होतं. हे आकडे सगळ्या संवादाला लागू होत नाहीत, असं मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. गणिताचा तास नुसत्या आवाजावरून आणि हातवाऱ्यांवरून ९३ टक्के कळत नाही, हे कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक आहे. देहबोलीकडे लक्ष द्या, नजर मिळवा, पण "शब्दांचं काय एवढं" असं कुणी सांगितलं तर मानू नका. शब्द हेच तुमचं मुख्य भांडवल आहे.

पहिले दोन आठवडे जोडीदार भेटेल तेव्हा पहिल्या दिवशीचा तो दोन मिनिटांचा सराव करा. नंतर वेळ तीन मिनिटांवर न्या.

दुसरी पायरी: विचारणं

"कळलं का?" हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याला सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी "आत्ता जे बोललो ते तुझ्या शब्दांत सांग बरं" असं म्हटलं की कळलं आहे का, ते लगेच दिसतं. अभ्यास एकत्र करणाऱ्यांनी एकमेकांना हेच विचारावं.

उलट बाजूही महत्त्वाची आहे. वर्गात न कळल्यावर "मला काहीच कळलं नाही" असं म्हटलं की शिकवणाऱ्यालाही कुठून सुरू करावं ते उमगत नाही. धागा जिथे तुटला ती जागा दाखवा: "सर, सूत्र मांडलंत तिथपर्यंत आलं लक्षात. पुढची पायरी सुटली." याचं इंग्रजी पाठच करून ठेवा: "आय फॉलोड यू अप टु द फॉर्म्युला. कुड यू प्लीज रिपीट द नेक्स्ट स्टेप?" असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी कच्चा वाटत नाही. तो ऐकत होता, हे त्या प्रश्नावरूनच कळतं.

ऐकलेलं टिकवायचं असेल तर लिहावं लागतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. विसरणं सुरुवातीलाच झपाट्याने होतं आणि मग मंदावतं, असं त्यात दिसलं. म्हणून टिपणं त्याच दिवशी संध्याकाळी उघडा, रविवारवर ढकलू नका. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रुळवलेली पद्धत मला सोयीची वाटते. पानावर उभी रेघ मारून उजवीकडच्या रुंद भागात तासाला टिपणं घ्यायची. नंतर डावीकडच्या अरुंद पट्टीत त्या टिपणांवरचे प्रश्न लिहायचे आणि तळाशी दोन ओळींत सार. उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, म्हणजे पुन्हा ऐकलेलं परत सांगणंच.

तिसरी पायरी: इंग्रजीचा सांगाडा

आता व्याकरण. बारा काळांचा तक्ता भिंतीवर लावून सुरुवात करू नका. तो तक्ता तोंडपाठ असलेली आणि तरीही "मी काल आलो नाही" हे इंग्रजीत सांगता न येणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. आपल्या चुका बहुतेक ठरलेल्या जागी होतात, कारण तिथे मराठी वाक्य आपल्याला आपल्याकडे ओढत असतं. त्या जागा ओळखल्या की निम्मं काम झालं.

एका विद्यार्थ्याने स्वतःची ओळख करून दिली, ती अशी: "मायसेल्फ स्टुडंट ऑफ सेकंड इयर. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स. यस्टरडे आय डिडन्ट वेंट टु कॉलेज." चारच वाक्यं आहेत आणि प्रत्येकात मराठी डोकावते आहे. ती एकेक करून दुरुस्त करू.

त्याआधी वाक्याची मांडणी. "मांजराने उंदराला पकडलं" आणि "उंदराला मांजराने पकडलं", मराठीत दोन्हींचा अर्थ एकच. कुणी पकडलं ते 'ने' सांगतो, कुणाला पकडलं ते 'ला' सांगतो, त्यामुळे शब्द कुठेही ठेवले तरी चालतात. इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत, तिथे जागाच अर्थ ठरवते. "द कॅट कॉट द माउस" म्हणजे मांजराने पकडलं. शब्दांची अदलाबदल करून "द माउस कॉट द कॅट" म्हटलं की उंदराने मांजराला पकडलं! म्हणून कुठलंही वाक्य सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी शोधा: कोण, आणि तो काय करतो. हे दोन शब्द आधी, बाकी सगळं नंतर.

हा 'कोण' मराठीत आपण सर्रास गाळतो. "आलो", "पोचलीस का?" एवढं पुरतं, कारण क्रियापदच सांगतं कोण ते. इंग्रजीत कर्ता लागतोच. करणारा कुणी नसेल तर एक खुंटी ठोकून ठेवतात, तिचं नाव 'इट'. "पाऊस पडतोय" म्हणजे "इट इज रेनिंग". हा 'इट' कोण, असा विचार करत बसू नका. ती खुंटी आहे, वाक्य टांगायला.

आणखी एक चावी देते. मराठी वाक्य 'मला'ने सुरू झालं आणि त्यात दुसरा कुणी करणारा नसेल, तर इंग्रजी वाक्य बहुधा 'आय'ने सुरू होतं. मला वाटतं: "आय थिंक." मला आवडतं: "आय लाइक इट." मला माहीत आहे: "आय नो." मला भूक लागली आहे: "आय ॲम हंग्री." मला जायचं आहे: "आय वॉन्ट टु गो." मला जावं लागेल: "आय विल हॅव टु गो." पण "मला त्याने हाक मारली" यात हाक मारणारा 'तो' आहे, म्हणून "ही कॉल्ड मी." अशी वीस 'मला' वाक्यं स्वतःच्या बोलण्यातून पकडून वहीत लिहा. तुमच्या रोजच्या बोलण्याचा मोठा भाग त्यातच निघेल.

आता त्या ओळखीकडे वळू. "मायसेल्फ" काढून टाका. "आय ॲम अ सेकंड-इयर स्टुडंट" एवढं पुरे.

दुसरं वाक्य: "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स." मराठीत करतो आणि करतोय यांत फरक आहे आणि तो फरक इंग्रजीत बराचसा जसाच्या तसा चालतो. "मी रोज वाचतो" म्हणजे "आय रीड एव्हरी डे" आणि "मी वाचतोय" म्हणजे "आय ॲम रीडिंग". तुमच्या कानाला हा भेद आधीपासून माहीत आहे, तो पाठ करायची गरज नाही. अडचण येते ती काही ठरावीक क्रियापदांशी. असणं, कळणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं या हालचाली नव्हेत, स्थिती आहेत. त्यांना 'इंग' सहसा लावत नाहीत. "मला कळतंय" असं आपण म्हणतो, तरी इंग्रजीत "आय अंडरस्टँड"च. म्हणून भाऊ: "आय हॅव टू ब्रदर्स."

तिसरं: "सिन्स फाइव्ह इयर्स". मराठीचा 'पासून' दोन्हीकडे चालतो: सोमवारपासून, पाच वर्षांपासून. इंग्रजीने त्याचे दोन तुकडे केले आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर'. "सिन्स मंडे", पण "फॉर फाइव्ह इयर्स". दुसरी गोष्ट, मराठीत आपण "राहतो" असा साधा वर्तमानकाळ वापरतो. तेव्हा सुरू झालेलं अजून चालू आहे, हे इंग्रजीत क्रियापदातही दिसावं लागतं: "आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स." पूर्ण वर्तमानकाळाची सुरुवात या एकाच वाक्यापासून करा. 'लिव्हड'च्या जागी 'स्टडीड', 'वर्क्ड', 'नोन' घालून दहा वाक्यं केली की तक्ता न पाहता तो अंगवळणी पडतो.

चौथं: "डिडन्ट वेंट". ही चूक सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तिचा नियम सगळ्यात सोपा आहे. काळाचं ओझं एकानेच उचलायचं. 'डिड'ने भूतकाळ खांद्यावर घेतला की मुख्य क्रियापद मोकळं होऊन मूळ रूपात येतं: "आय डिडन्ट गो." प्रश्नातही तसंच: "डिड यू गो?" वर्तमानकाळात 'डज' तो 'स' उचलतो, म्हणून "शी लिव्ह्ज हिअर", पण "डज शी लिव्ह हिअर?"

त्या 'स'बद्दल थोडं. इंग्रजी क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. "मी पत्र लिहिलं", "मी चिठ्ठी लिहिली", मराठीत किती रूपं! इंग्रजीत दोन्हीकडे "आय रोट". साध्या वर्तमानकाळात ही, शी, इट किंवा एकवचनी नाम आलं की लागणारा 'स', एवढी एकच खूण सांभाळायची असते. एकटी असल्यामुळेच ती विसरली जाते.

प्रश्न विचारताना मराठी वाक्य जागचं हलत नाही. "तू तिथे राहतोस", "तू कुठे राहतोस?" नुसता एक शब्द बदलला. म्हणून आपल्या तोंडून "व्हेअर यू लिव्ह?" किंवा "व्हॉट यू आर डुइंग?" निघतं. इंग्रजीत प्रश्न म्हटला की मदतनीस क्रियापद (ॲम, इज, आर यांसारखं) कर्त्याच्या आधी येतं: "व्हॉट आर यू डुइंग?" मदतनीस नसेलच तर 'डू' आणायचा: "व्हेअर डू यू लिव्ह?" मात्र हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की मांडणी पुन्हा सरळ होते: "आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज." इथे "व्हेअर डज ही लिव्ह" म्हणायचं नाही.

'अ' की 'ॲन', याचं उत्तर आपल्या लिपीतच आहे. इंग्रजी स्पेलिंग विसरा. शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर पाहा. ते स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. अवर, ऑनेस्ट, एक्स-रे, अंब्रेला यांची सुरुवात स्वराने होते: "ॲन अवर", "ॲन ऑनेस्ट मॅन", "ॲन एक्स-रे". युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते आणि वन-वे 'व'ने, म्हणून "अ युनिव्हर्सिटी", "अ वन-वे रोड". रोमन अक्षरं पाहून हमखास चुकणारे शब्द देवनागरीत चुकत नाहीत. 'द' कधी लावायचा? "एक किंवा कुठलं तरी" असं म्हणता येत असेल तर 'अ'. "ते, तुला माहीत आहे ते" असं म्हणता येत असेल तर 'द'. "आय रेड अ बुक. द बुक वॉज लाँग." पहिल्यांदा कुठलंतरी पुस्तक, दुसऱ्यांदा तेच. सगळे बारकावे यात बसत नाहीत, पण सुरुवातीला एवढं पुष्कळ.

शब्दयोगी अव्ययं नियमाने शिकू नका, जोडीने पाठ करा. "डिस्कस"नंतर "अबाउट" येत नाही: "वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम." "एक्सप्लेन मी" नव्हे, "एक्सप्लेन इट टु मी".

उच्चारांत दोन गोष्टी सांभाळा. देवनागरीत पश्चिम दिशेचा 'वेस्ट' आणि बनियनचा 'वेस्ट' सारखेच लिहिले जातात, इंग्रजीत ते दोन निराळे ध्वनी आहेत. दिशेचा शब्द ओठांचा चंबू करून म्हणायचा, कपड्याचा शब्द वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. आरशासमोर करून पाहा, फरक दिसतो. दुसरी गोष्ट आघात. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर जोर येतो आणि तो सरकतो: 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. नवा शब्द शिकताना जोर कुठे आहे ते ऐका आणि वहीत त्या अक्षराखाली रेघ मारा. परदेशी ढब मात्र उचलायला जाऊ नका. तुमचं बोलणं स्पष्ट असलं की झालं.

नम्रतेचंही व्याकरण असतं. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहेत. इंग्रजीत सगळ्यांना 'यू'. शिवाय मराठीत "कृपया" आपण बोलताना फारसं वापरत नाही. "जरा ते पुस्तक देता का?" यातल्या 'जरा'ने आणि प्रश्नाच्या सुराने काम होतं. भाषांतर करताना तो 'जरा' गळून पडतो आणि उरतं "गिव्ह मी द बुक", म्हणजे हुकूम. बोलणारा मनातून नम्र असतो, ऐकणाऱ्याला तो उद्धट वाटतो. तुमच्या 'जरा'च्या जागी "कुड यू" आणि "प्लीज" ठेवा: "कुड यू पास मी द बुक, प्लीज?" तसंच 'परवा'. आपला परवा मागेही जातो आणि पुढेही. इंग्रजीत निवडावं लागतं: "द डे बिफोर यस्टरडे" की "द डे आफ्टर टुमॉरो". 'आपण' आणि 'आम्ही' दोघांनाही 'वी'च आहे, म्हणून ऐकणाऱ्यालाही धरून बोलायचं असेल तर "यू ॲण्ड आय" असं उघड सांगा.

चौथी पायरी: बोलणं

तिसऱ्या आठवड्यापासून रोज एक मिनिट इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा. विषय ठरलेलाच ठेवा: आज काय शिकलो. लिहून वाचू नका. मग ते ऐका, पण सगळ्या चुका शोधू नका. आठवड्याला एकच चूक निवडा. या आठवड्यात फक्त 'डिड'नंतरचं क्रियापद, पुढच्या आठवड्यात फक्त तो 'स'. सगळं एकदम सुधारायला गेलं की जीभ जड होते आणि माणूस बोलायचाच थांबतो.

जोडीदाराशी बोलताना त्याची चूक झाली तर मध्येच तोडू नका. "चूक!" असंही म्हणू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या आणि ऐकलेलं परत सांगा, फक्त बरोबर रूपात.

"यस्टरडे आय गो टु लायब्ररी."

"ओह, यू वेंट टु द लायब्ररी. व्हॉट डिड यू रीड?"

"आय... आय वेंट ॲण्ड रेड न्यूजपेपर्स."

इथे कुणी कुणाला शिकवलं नाही, तरी 'गो'चा 'वेंट' झाला. शिवाय पुढचा प्रश्न आल्यामुळे बोलणाऱ्याला कळलं की आपल्या चुकीपेक्षा आपल्या गोष्टीत समोरच्याला रस आहे. पेपर बिघडलेल्या मैत्रिणीला जे मिळालं, तेच यालाही मिळालं. जोडीदार निवडताना हा एक गुण नक्की पाहा: तो तुमची गोष्ट ऐकतो, की तुमच्या चुका मोजतो.

ऐन वेळी शब्द आठवत नाही, हे सगळ्यांचं होतं. अशा वेळी गप्प राहण्यापेक्षा त्या वस्तूचं काम सांगा. कात्री आठवली नाही तर "द थिंग यू कट पेपर विथ". समोरचा शब्द देतो, तुम्ही तो एकदा मोठ्याने म्हणा आणि पुढे चला. न कळलेलं ऐकून हसून मान हलवू नका. "सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट" म्हणा. पुन्हा नाही कळलं तर जेवढं कळलं तेवढं परत सांगा: "सो यू मीन द टेस्ट इज ऑन मंडे?" चुकीचं असेल तर समोरचा स्वतःहून दुरुस्त करतो.

गटचर्चेत पहिलं बोलायची धडपड करू नका. दुसऱ्याचं म्हणणं एका वाक्यात घ्या आणि त्याला आपलं जोडा: "ॲज शी सेड, वी नीड मोअर टाइम. आय वुड ॲड वन पॉइंट." गटात हे फार थोडे जण करतात, त्यामुळे असा माणूस चटकन लक्षात राहतो. सुरुवातीचं वाक्य तयार हाताशी असल्यामुळे तुम्हाला विचार करायला चार सेकंदही मिळतात.

सहा आठवडे झाले की पहिल्या दिवशीचा सराव पुन्हा करा, या वेळी इंग्रजीत. जोडीदार दोन मिनिटं बोलेल, तुम्ही परत सांगाल, फोनवर रेकॉर्ड कराल. व्याकरण या वेळी तपासू नका. ते रेकॉर्डिंग जोडीदाराला ऐकवा आणि एवढंच विचारा, की त्याने सांगितलेल्यातला मधला भाग त्यात आला आहे का.